भरमाचा ट्रॅक्टर आणि चौथं शील

थाप मारायचीच होती तर यल्लव्वानं जरा बेतानं मारायची. पण नाही! थोरल्या बहिणीनं, बेळगावच्या यमुनानं, फोनवर नुसतं विचारलं, "घर झालं म्हणतेस, पण लाइट आली का गं? अंधारात बसायला मी यायची नाही बाई." झालं. यल्लव्वा ताडकन बोलून गेली, "लाइट? लख्ख आहे! पंखे आहेत, फ्रिज आहे. तू ये तर खरी, अक्का!"

आता खरं काय ते ऐका. उणकलच्या तळ्यापलीकडच्या त्या नव्या वस्तीत लाइटचे खांब दोन गल्ल्या अलीकडेच येऊन थांबले होते. घरात वायरिंग झालं होतं, बटणं बसली होती, पंखे टांगले होते, फ्रिजही आला होता. फक्त वीज तेवढी नव्हती. पण यल्लव्वाचा जन्म हुबळीत भाड्याच्या एका खोलीत गेलेला. बेळगावला गेली की अक्का तिला घरभर हिंडवून एकेक बटण दाबून दाखवायची, आणि यल्लव्वा "हो का, हो का" करत मान हलवायची. एकदा, फक्त एकदा अक्कानं आपल्या घरात मान हलवावी, एवढंच तिला हवं होतं.

त्यातून दारावर तिनं एक पाटी लावून घेतली होती, बारीक दिव्यांची. त्यावर घराचं नाव. गृहप्रवेशाच्या दिवशी अंधार पडला की सगळ्यांसमोर, अक्कासमोर, ती पेटवायची होती. तोवर पाटीवर जुनी साडी टाकून ठेवली होती.

थाप ऐकून मुलगा प्रेमानंदनं कपाळावर हात मारला. "आई, इन्व्हर्टर घ्यावा तर तो चार्ज करायलाही लाइटच लागते गं!"

तोडगा काढला सून सुकन्यानं. अमरगोळच्या बाजारात पोती पोचवणारा भरमा तिच्या ओळखीचा. लग्नसराईत तो ट्रॅक्टरच्या मागे चाकांवरचा जनरेटर जोडायचा. ट्रॅक्टरचं इंजिन जागच्या जागी शाफ्ट फिरवतं, शाफ्ट जनरेटर फिरवतो, की झाली वीज. भरमानं ट्रॅक्टर घरामागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये लावला, केबल खिडकीतून आत घेतली आणि सगळ्यांना तंबी दिली, "मिक्सर लावायच्या आधी सांगायचं बरं का! लोड आला की इंजिन दबतं, मला रेस वाढवावी लागते. नाहीतर पंखा रडतो."

भरमाची आणखी एक सवय होती. सीटवरून उतरला की इंजिन बंद, किल्ली खिशात. एकदा चालू ट्रॅक्टर सोडून तो चहाला गेला होता, तर ट्रॅक्टर आपला आपण गावच्या विहिरीकडे निघालेला. तेव्हापासून सीटवर माणूस नाही तर इंजिन चालू नाही.

"मग उतरूच नकोस की," यल्लव्वा म्हणाली. "तुझा डबा मागून पाठवते."

आधी गुडघेदुखीचं कारण सांगून नाही म्हणालेली यमुना दुपार कलली तशी आलीच. पायरीवरच थांबली आणि कान टवकारले.

"हा कसला आवाज गं?"

"मागं प्लॉट नांगरतायत," यल्लव्वा म्हणाली. दुसरी थाप!

आत पंखा गरगरत होता. यमुनानं बटण दाबून दिवा लावला, विझवला, परत लावला. फ्रिजमधलं थंडगार ताक प्यायली. "बरं आहे," म्हणाली. तेवढ्यानंही यल्लव्वाला मूठभर मांस चढलं.

मग गृहप्रवेशाच्या वंदनेसाठी भंतेजी आले, घरचे-पाहुणे सगळे पांढऱ्या कपड्यात खाली बसले, आणि त्रिशरणानंतर पंचशील सुरू झालं. पहिली तीन शीलं यल्लव्वानं खणखणीत म्हटली. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. "मुसावादा वेरमणि..." आणि बाईला जो ठसका लागला म्हणता! पदर तोंडाला लावून ती पुरं शील संपेपर्यंत खोकत बसली. शेजारी बसलेल्या यमुनाचे डोळे मिटलेले होते. निदान मिटल्यासारखे तरी दिसत होते.

वंदना झाली, भंतेजींना निरोप दिला, आणि स्वयंपाकघरात घाई उडाली. सुकन्यानं खिडकीच्या गजावर चमचा आपटला, ही भरमाला खूण, आणि शेंगदाण्याच्या चटणीचा मिक्सर लावला. मागून ट्रॅक्टर जो डरकाळला!

"यल्ले," यमुना म्हणाली, "तुझ्या घरात मिक्सर लागला की नांगरणाऱ्याच्या पोटात का दुखतं गं?"

"नांगराला दगड लागला असेल."

"मघाशीही लागला होता. जागचा हलत नाही तो."

"मोठा आहे दगड."

"अय्यो, मग बिचारा दमला असेल की! जेवला का तो?"

यल्लव्वाला एकदम आठवलं. डबा! सकाळपासून माणूस सीटवर बसून होता, आणि गडबडीत डबा पाठवायचा राहूनच गेला होता. एव्हाना दिवस मावळला होता, आत पानं मांडली होती, भाकरी, भजी, खीर, चटणी, सगळ्याचा वास खिडकीतून थेट त्याच्या नाकात जात असणार.

"देऊ की, मागून देऊ," ती पुटपुटली.

"मागून?" यमुना उठलीच. गुडघेदुखी बेळगावात ठेवून आल्यासारखी ती ताडताड मागच्या दारानं बाहेर पडली. यल्लव्वा मागोमाग, "अगं अक्का, अगं ऐक तर," करत. कोण ऐकतंय!

"बर्री अण्णा, या," यमुनानं भरमाला हाक मारली, "हात धुवा आणि पानावर बसा. घरात गृहप्रवेश आणि दारात माणूस उपाशी, हे काय बरं दिसतं?"

भरमानं यल्लव्वाकडं पाहिलं. यल्लव्वानं मान जोरजोरात नकारार्थी हलवली. पण पोटात कावळे कोकलत असताना असल्या खुणा कुणाला दिसतात! भरमा सीटवरून उतरला. इंजिन बंद. किल्ली खिशात.

घर गपकन काळं झालं. आतून पाहुण्यांचा "अरे, अरे" असा गलका आला, कुणाच्या तरी पायाखाली ताटली वाजली, आणि प्रेमानंदचा आवाज ऐकू आला, "आई, संपलं!"

मग यमुनानं हात लांब करून जनरेटर चाचपला, केबल चाचपली, केबल खिडकीत शिरते तिथवर गेली आणि परत आली.

"मोठा होता हो दगड," ती म्हणाली.

यल्लव्वाला रडूच फुटलं. "हस, हस मला! तुझ्यासारखं माझंही घर दिसावं म्हणून केलं सगळं!"

"लाइटचं सोड गं," यमुना कडाडली. "ती काय, आज नाही उद्या येईल. पण ह्या माणसाला मागून जेवायला घालणार होतीस? आपली आई लोकांच्या लग्नात भांडी घासायची, तिला कधी पानावर बसवलं कुणी? सगळ्यांचं उरकल्यावर मागच्या दारात, उरलंसुरलं. विसरलीस?"

यल्लव्वा विसरली नव्हती. विसरली असती तर पाटीवर ते नाव कशाला घातलं असतं?

तिनं डोळे पुसले. "भरमण्णा, चुकलं माझं. ट्रॅक्टर पुढं घे. दारात. सगळ्यांना दिसू दे."

भरमानं ट्रॅक्टर वळसा घालून घरापुढं आणला, प्रेमानंदनं केबल ओढत आणली, इंजिन सुरू झालं. भरमा मात्र सीटवरून हलेना. "उतरलो तर बंद करावं लागतं, अक्का."

"सीटवर माणूस हवा, एवढंच ना? सरक!" म्हणत यमुना पातळ खोचून वर चढली. भरमानं तिला रेसचा दांडा दाखवला आणि आत गेला. पाहुण्यांच्या पंगतीत मधलं पान त्याचं. यल्लव्वानं स्वतः वाढलं, मग बाहेर येऊन पाटीवरची साडी ओढली आणि बटण दाबलं.

भागव्वा निलय.

आईचं नाव. यमुना बघतच राहिली. मग तिनं सावकाश मान हलवली. यल्लव्वा मडगार्डवर तिच्या शेजारी चढून बसली.

"चौथं शील गिळलंस तेव्हाच समजले होते मी," यमुना नाक पुसत म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"मी तरी चौथं शील कुठं म्हटलं! गुडघा दुखतो म्हणून यायचं जमत नाही असं प्रेमानंदला फोनवर सांगून बसले होते. मला वाटलं, तुझं घर माझ्यापेक्षा चांगलं निघालं तर काय करू?"

दोघी हसत सुटल्या. एवढ्यात आत सुकन्यानं भरमासाठी पुन्हा चटणी वाटायला घेतली, मिक्सर घरघरला आणि पाटीवरचे दिवे मंद झाले.

"जेवणं चालू असताना आईला विझू देते होय मी!" यमुनानं दांडा खस्सकन ओढला. इंजिन गरजलं, भागव्वाचं नाव झगझगलं.

आतून भरमा भरल्या तोंडानं ओरडला, "अक्का, रेस जास्त झाली!"

"तू गप जेव!" दोघी बहिणी एकदमच म्हणाल्या.