तांदळाएवढा डायोड

दिवेलागण झाली की ताईचं डोकं दुखायला लागायचं आणि मेकॅनिकचा पारा चढायचा.

"डोळे तपासले, रक्त तपासलं. आता काय कवटी उघडून बघू?"

चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. मीटरवर दिसत नाही ते नाहीच, असं त्याचं गणित.

ताई त्याची थोरली बहीण. सुनेनं खोटारडी म्हटलं म्हणून मुलाचं घर सोडून आलेली. भावानं तिला मागची बिनखिडकीची खोली दिली, भिंतींवर स्वतः एलईडीची माळ लावून दिली. त्या उजेडात ती शिंप्याच्या शर्टांना काजं करायची.

काल शिंप्यानं सहा शर्ट परत पाठवले. "मावशी, काजं नागमोडी झालीत."

"अरे, दोरा थरथरतो डोळ्यांपुढे," ताई भावाला म्हणाली.

"काम नको असेल तर तसं सांग ना. खोटं कशाला बोलतेस?"

शब्द सुटला तो सुटलाच. आज दुपारी तिची पिशवी पलंगावर भरून तयार होती. सहाच्या गाडीनं ती मुलाकडे परत निघाली होती.

"अहो, गावाचे रेडिओ बोलते केलेत," मेकॅनिकची बायको म्हणाली, "घरातलं माणूस बोलतंय ते ऐकू येईना होय?"

तो तणतणत मागच्या खोलीत गेला. "ही राहिली तुझी!" म्हणत त्यानं ताईची पांढरी मोजपट्टी उचलून हवेत झटकली, आणि थबकला. पट्टी एक दिसली नाही. घडीचा पंखा उघडावा तशा दहा पट्ट्या दिसल्या. अंगणात उन्हात जाऊन झटकली, तर नुसता एक पांढरा फराटा.

त्यानं माळेच्या प्लगजवळची डबी उघडली. आत तांदळाएवढा डायोड, वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा. त्यानंच बसवलेला, मोठ्या ऐटीत. गिऱ्हाइकांच्या जुन्या बल्बच्या माळांना तो हाच डायोड लावून द्यायचा. वीज निम्मीच जाते, बल्ब दुप्पट टिकतो. बल्बची तार तापलेली असते, मधली खंडित वीज तिला कळतही नाही. एलईडीचं तसं नाही. वीज थांबली की तो विझतो. सेकंदाला पन्नास वेळा ही माळ ताईच्या डोळ्यांसमोर विझत होती.

त्यानं तो डायोड उपटला. त्या जागी वीज पूर्ण यावी म्हणून चार डायोडांची जोडणी केली, मधल्या फटी भरायला कपॅसिटर लावला, प्रवाह आवरायला रेझिस्टर. पट्टी पुन्हा झटकली. एकच फराटा.

"ताई, चूक माझ्या जोडणीत होती गं. तुझं डोकं खरंच दुखत होतं."

ताईनं सुई घेतली. दोरा पहिल्याच खेपेला ओवला. मग वर न बघता म्हणाली, "आणि तुला सापडलं नसतं तर? मी खोटीच राहिले असते ना रे?"

तो खाली बसला आणि शर्टांची वाकडी काजं उसवून द्यायला लागला. ती एकेक नव्यानं करत गेली.

सहाची गाडी गेली. पिशवी मात्र ताईनं उघडली नाही.