चार नंबरचा कॅमेरा

लातूरच्या ट्यूशन एरियात माझ्याइतका तापट माणूस दुसरा नसेल. क्लासवाल्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो आणि दर फेरीला त्यांना शिव्या घालतो. पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला डकवलेली, अख्ख्या ऑफिसला मिळून एकच लॉगिन, केव्हाच सोडून गेलेल्या मास्तरचं खातं अजून चालू, आणि अपडेट का केलं नाही म्हणून विचारावं तर ‘केलं की प्रिंटर रुसतो’. बॅकअप तेवढा घेतात, पण घेऊन त्याच कॉम्प्युटरशेजारच्या कपाटात ठेवतात. ज्या जिल्ह्यात एका पहाटे गावंच्या गावं जमीनदोस्त झाली, तिथल्या माणसांना एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा हे मला सांगावं लागतं, याचा मला फार राग येतो.

रागाला कारण आहे. त्या पहाटेच्या भूकंपात माझी आई गेली. मी लहान होतो, शाळेसाठी लातूरच्या वसतिगृहात होतो, म्हणून वाचलो. तिचा एकच फोटो होता, घरातल्या भिंतीवर. तो भिंतीबरोबर गेला. आता मला तिचा चेहरा आठवत नाही. आठवते ती पाठ. वसतिगृहात सोडून ती एसटी स्टँडकडे निघाली, तेव्हाची. मी फाटकाला धरून उभा होतो आणि तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. याचा मला अजून राग आहे आणि तिची आठवणही तितकीच येते.

असो. श्रीपाद सरांचा मेडिकलच्या तयारीचा क्लास आहे. खाली ऑफिस, वर मुलींचं वसतिगृह आणि अभ्यासिका. शिस्त कडक. मोबाइल जमा, रविवारी ऑफिसातून थोडा वेळ फोन, तोही सगळ्यांसमोर, आणि परीक्षा होईपर्यंत आईबापांची भेट नाही. भेटीनं पोरींचं मन उडतं, असं सरांचं म्हणणं. तिथल्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर तपासताना मला एक अनोळखी मोबाइल जोडलेला दिसला. रोज संध्याकाळी कुणीतरी बाहेरून अभ्यासिकेतला चार नंबरचा कॅमेरा उघडून बघत बसत होतं. दुसऱ्या एकाही कॅमेऱ्याला हात लावलेला नव्हता.

माझं डोकंच फिरलं. रेकॉर्डरला पासवर्ड कंपनीतून आला तोच, एक ते सहा आकडे, आणि तोही मॉनिटरवरच्या चिठ्ठीवर. रिसेप्शनवरच्या वर्षाराणीला विचारलं, तर “मला काय माहीत, सर” म्हणून ती फायली लावायला लागली. मी चिठ्ठी फाडली, पासवर्ड बदलला, बाहेरून बघायची सोयच बंद केली. सरांना बजावलं, “मुलींच्या खोलीत कुणी परका डोकावतोय. सापडला तर सरळ पोलिसांत द्या.”

तो परका दोन-तीन दिवसांनी स्वतःच आला. मी दाराशी वायर ओढत होतो. समोर एक बाई उभी राहिली. इरकली लुगडं, कपाळाला विभूती, हातात कापडी पिशवी.

“तम्मा, तुमचा क्यामेरा बिघडला का काय?” ती म्हणाली. उदगीरच्या पलीकडे, कानडी मुलखाला लागून जी गावं आहेत, तिथं धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. “म्या नीलम्मा. माजी शिवकन्या हाय वरती. रोज सांच्याला भाकरी झाल्या की मोबाइलवर बगत बसते तिला. परवापासनं समदा अंधारच दिसायलाय.”

मी वर्षाराणीकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. “कॅमेऱ्याचं ॲप मीच टाकून दिलं होतं, सर, त्यांच्या मोबाइलवर,” ती हळूच म्हणाली. “ॲडमिशनच्या दिवशी या पायरीवरून उठतच नव्हत्या.”

चोर अशी तक्रार घेऊन आल्यावर रागवायचं तरी कसं? तरी रागावलो. “अक्का, वरती गावोगावच्या लेकी बसतात. तुम्ही बघता तसं उद्या कुणी भलता माणूस बघत बसला तर?”

ती विचारात पडली. मग मान हलवली. “हाव, खरं हाय तुजं. दुसऱ्यांच्या बी लेकी हायत की. न्हाई आलं माज्या ध्यानात. बंदच ठीव.” पिशवी उचलून ती दारापर्यंत गेली आणि थांबली. “तसंबी लई दिसत नव्हतं, तम्मा. तुमचा क्यामेरा मागल्या बाजूला हाय. जूनपासनं नुसती पाठच दिसायची पोरीची. येणी तिची तीच घालती आता, भांग वाकडा जातोय. कवातरी मागं वळंल म्हणून बगत बसायची. येकदाबी वळली न्हाई बग.”

तिला तिथंच बसा म्हणालो आणि सरांच्या केबिनमध्ये शिरलो.

“परका सापडला,” मी म्हणालो. “आई आहे. पोरीला जरा खाली बोलवा.”

“उमाशंकर, नियम तो नियम. एकीला सोडलं की सगळ्यांचे आईबाप दारात. नियम पाळा म्हणून बोंबलणारे तुम्हीच ना?”

“मीच. पासवर्डचा नियम मोडला तर कुणीतरी चोरी करतं. हा मोडला तर कुणाचं काय जातं? नाहीतर उद्यापासून दुसरा माणूस बघा.”

सरांनी बेल दाबली.

शिवकन्या जिना उतरून आली. “अव्वा!” म्हणून ती धावली. आता ही बाई लेकीचं तोंड डोळे भरून बघणार, असं मला वाटलं. नीलम्माने तिच्या गालावरून एकदाच हात फिरवला, खांद्याला धरून तिला वळवलं आणि पुढ्यात पायरीवर पाठमोरी बसवलं. पिशवीतून फणी काढली आणि वेणी सोडायला लागली.

“अव्वा, बघू दे की मला तुझ्याकडं,” पोरगी वळायला लागली.

“गप. म्होरं बग. भांग हालतोय.”

आवाज अगदी रोजचा होता. मी बाजूला उभा होतो, म्हणून मला तिचा चेहरा दिसत होता. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, ओठ दाताखाली धरले होते, आणि लेकीला कळू नये म्हणून हात मात्र सावकाश फणी फिरवत होता. स्टँडकडे जाताना माझ्या आईचा चेहरा असाच असणार. हातातली वायर तशीच धरून मी त्या चेहऱ्याकडे बघत राहिलो.