शनिवारची अर्धी प्लेट

गुणवंतरावांनी पिलारबाईंच्या द्रोणात तिसरी टिक्की वाढली तेव्हा बाईंनी दोन्ही हात वर केले. पण हात वर केले म्हणून वाढणं थांबवायचं असतं, असं आपल्याकडे कोण मानतं? गुणवंतरावांनी तर ते मुळीच मनावर घेतलं नाही.

"प्लीज, प्लीज. यू आर गेस्ट," असं म्हणत ते चौथीसाठी टिक्कीवाल्याकडे वळले.

सुधन्वा हळूच त्यांच्या कानाशी आला. "बाबा, अर्धीच द्यायची आहे. अजून बऱ्याच ठिकाणी जायचंय."

"अरे, पाहुणे आहेत ते. स्पेनहून आलेत. अर्धी प्लेट काय देतोस त्यांना?"

"तिकडे तसंच खातात. एका दुकानात उभ्याउभ्या थोडंसं खायचं, एखादा ग्लास प्यायचा आणि पुढच्या दुकानात जायचं. तापास म्हणतात. सेव्हिलला मी वर्षभर लोकांना असंच फिरवत होतो."

"हे सेव्हिल नाहीये. सरोजिनी नगर आहे."

"बाबा, तुम्हीच तर..." सुधन्वा म्हणाला आणि थांबला. मग हसून पाहुण्यांकडे वळला आणि त्याची स्पॅनिशची गाडी भरधाव सुटली. एक नवरा-बायकोची जोडी आणि दोन मैत्रिणी, असे चौघं होते. त्याच्या बोलण्यावर चौघंही खळखळून हसले. गुणवंतरावांना त्यातलं अक्षरही कळलं नाही. आपल्यालाच हसले असणार, असं मात्र त्यांना खात्रीने वाटलं.

गुणवंतराव एका मंत्रालयात उपसचिव होते आणि जूनमध्ये निवृत्त होणार होते. निवृत्तीनंतर आर. के. पुरमचं क्वार्टर सोडायचं, पुण्याला जायचं, हे सगळं जागच्या जागी ठरलेलं होतं. ठरत नव्हतं ते मुलाचं. सुधन्वा तीनदा यूपीएससीला बसला आणि तिसऱ्या वेळी अगदी मुलाखतीपर्यंत जाऊन परत आला. त्यानंतर घरात बाप-लेकांना एकमेकांसमोर बसणं जड जाऊ लागलं, तेव्हा त्याने मुनिरकात स्पॅनिश शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांबरोबर खोली घेतली. तिथे त्यांच्या नादाने तोही ती भाषा शिकला, वर्षभर स्पेनला जाऊन आला, आणि आता दिल्लीत आलेल्या स्पॅनिश लोकांना खात-पीत गल्लीबोळ हिंडवतो. ऑफिसात कोणी विचारलं तर गुणवंतराव "फॉरेन टुरिझममध्ये आहे" असं सांगत. त्यात खोटं काहीच नव्हतं, पण सांगताना आवाज आपोआप खाली जायचा. मुनिरका घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी मुलगा यायचा फक्त रविवारी, आणि जेवून लगेच निघायचा.

अशात अविनाशने मदतीचा हात पुढे केला. अविनाश जुना मित्र, सरकारी नोकरी सोडून नोएडातल्या एका कंपनीत मोठ्या जागेवर बसलेला. त्याने सुधन्वासाठी ऑफिसात एक टेबल राखून ठेवलं होतं. आज रात्री फोन करतो, हो की नाही ते सांग, म्हणाला होता. सुधन्वाने वाद घातला नाही. "एकदा माझ्याबरोबर टूरला चला. मग तुम्ही म्हणाल ते करीन," एवढंच तो बोलला. गुणवंतरावांना काय म्हणायचं ते आधीच ठरलेलं होतं. एक संध्याकाळ काढायची, पोराचं मन राखायचं आणि रात्री अविनाशला हो सांगून मोकळं व्हायचं. सत्ताविसाव्या वर्षी तरी मुलगा खुर्चीवर बसलेला दिसावा, एवढंच त्या बापाला हवं होतं.

पुढचा मुक्काम शकरकंदीवाल्याकडे होता. निखाऱ्यावरचं रताळं सोलून त्याने फोडी केल्या, वर मसाला भुरभुरवला, लिंबू पिळलं. सुधन्वाने फक्त तीन द्रोण घेतले आणि सहा जणांत फिरवले. परदेशी पाहुणे गटाराच्या कडेला उभे राहून टूथपिकने रताळं टोचून खात होते आणि गुणवंतरावांचा जीव अर्धा होत होता. इतक्यात मागून आवाज आला.

"नमस्ते सर! आप यहाँ?"

त्यांच्याच सेक्शनमधला नीरज होता, बायकोबरोबर. दोघांच्या हातात कपड्यांनी फुगलेल्या पिशव्या होत्या. गुणवंतरावांनी द्रोण पाठीमागे लपवला.

"बस, ऐसे ही. कुछ विदेशी मेहमान हैं."

"और ये?" नीरजने सुधन्वाकडे पाहिलं. तो एका बाईंना कमरख म्हणजे काय ते फळ हातात धरून समजावत होता.

"ये... गाइड है इनका."

शब्द तोंडातून गेला आणि गुणवंतरावांनी जीभ चावली. नीरज त्यांच्या हनुवटीकडे बघत कसनुसं हसला, नमस्कार करून गर्दीत मिसळला. सुधन्वा दोन हातांवर होता. त्याने ऐकलं होतं. ते त्याच्या ताठ झालेल्या मानेवरूनच कळत होतं. कमरख कापून त्याने सगळ्यांना एकेक चकती दिली आणि वडिलांपुढेही धरली. ती त्यांनी घेतली. आंबट होती, पण तोंड कडू झालं होतं ते तिच्यामुळे नव्हे.

यानंतर गुणवंतराव सगळ्यांच्या मागून चालू लागले. आग्रह करणं त्यांनी सोडून दिलं. राम लड्डूवर, म्हणजे मूगडाळीच्या भज्यांवर, मुळ्याचा कीस घालून घेताना पाहुण्यांनी फोटो काढले, तेव्हाही ते लांबच उभे राहिले. आपलाच मुलगा, आणि आपण त्याची ओळख गिळली, हे त्यांना राहून राहून सलत होतं.

मार्केटच्या टोकाला, भाजीवाल्यांची रांग सुरू होते तिथे, हरीशची कांजीची गाडी होती. काळ्या गाजरांची, मोहरी घालून आंबवलेली जांभळी कांजी दोन मोठ्या बरण्यांत भरून ठेवलेली. हरीशने मान वर केली आणि त्याचा चेहरा खुलला.

"अरे बाबूजी! कितने साल बाद! स्कूटर बेच दिया क्या?"

उत्तराची वाटही न बघता त्याने एक ग्लास काठोकाठ भरला आणि तो गुणवंतरावांच्या हातात दिला. दुसऱ्या हातात एक रिकामा ग्लास दिला.

रिकामा ग्लास कशाला, हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्यांच्या हातांना आठवलं. त्यांनी भरलेल्या ग्लासातली अर्धी कांजी रिकाम्या ग्लासात ओतली. थेंबही सांडला नाही. दुसरा ग्लास धरायला शेजारी एक छोटा हात असायचा.

सुधन्वा दुसरीत असताना त्याला कावीळ झाली होती. तेव्हापासून सुमित्राने बाहेरच्या खाण्यावर बंदी घातली, आणि त्या घरात सुमित्राचा हुकूम मंत्रालयाच्या हुकमापेक्षा कडक होता. पण दर शनिवारी संध्याकाळी आठवड्याची भाजी आणायला बाप-लेक स्कूटरवरून सरोजिनी नगरला यायचे. एका ठिकाणी पोटभर खाल्लं तर रात्री ताटावर पकडले जाऊ, म्हणून गुणवंतरावांनी एक नियम केला होता. कुठेही अर्धीच प्लेट, तीही दोघांत. थोडी टिक्की, थोडं रताळं, एखादा लड्डू, अर्धा ग्लास कांजी, आणि पुढे चला. भूक राहते, चोरी पचते. हा कट बरीच वर्षं चालला. मग क्लास सुरू झाले, परीक्षा सुरू झाल्या, आणि बाप मुलाला फक्त मार्क विचारू लागला.

टिक्की, रताळं, लड्डू, कांजी. एकही मुक्काम बदललेला नव्हता. गुणवंतरावांनी कांजीचा घोट घेतला. मोहरीचा ठसका नाकात गेला आणि डोळ्यांत पाणी आलं. ते ठसक्याचंच आहे असं समजायला जागा होती, म्हणून बरं झालं.

दुसरा ग्लास त्यांनी सुधन्वापुढे धरला. त्याने बोलता बोलता, न बघता घेतला आणि पिऊन टाकला.

शेवटी सुधन्वाने सगळ्यांना रस्त्यावरच्या दिव्याखाली उभं केलं. प्रत्येकाच्या तळहातावर चिमूट चिमूट बडीशेप घातली. मग तो सावकाश काहीतरी सांगू लागला. गुणवंतरावांना अजूनही अक्षर कळत नव्हतं. पण सांगता सांगता त्याने एक बोट स्वतःच्या हनुवटीखाली धरलं, चेहरा दिव्याकडे वळवला, आधी डावीकडून आणि मग उजवीकडून, आणि भुवया आक्रसून तपासनिसासारखं बघण्याची नक्कल केली. ते बोट गुणवंतरावांचं होतं. घरी जाण्याआधी ते याच दिव्याखाली पोराची हनुवटी उचलून कुठे चटणी राहिली नाही ना, ते बघायचे.

पाहुणे हसत एकमेकांच्या हनुवट्या तपासू लागले. पिलारबाई मात्र गुणवंतरावांपाशी आल्या. मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "पापा इन स्टोरी. इज यू, नो?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. बाईंनी बोटाने त्यांची हनुवटी वर केली, दिव्याकडे वळवली आणि हातरुमालाने हिरव्या चटणीचा भलामोठा डाग पुसून टाकला. टिक्कीपासून तो तिथेच होता. नीरजसमोरही होता.

पाहुणे टॅक्सीत बसेपर्यंत गुणवंतराव थांबले.

"यांना हॉटेलपर्यंत सोडून येतो," सुधन्वा म्हणाला. मग खाली बघत त्याने विचारलं, "अविनाशकाकांना काय सांगणार?"

"घरी ये जेवायला."

"आज शनिवार आहे, बाबा. मी उद्या येणार होतो."

"शनिवार आहे म्हणूनच ये," गुणवंतराव म्हणाले आणि ऑटो शोधायला निघाले. याहून जास्त बोलले असते तर भर रस्त्यात फजिती झाली असती.

घरी सुमित्राने ताट वाढलं. ताटात अर्धी पोळी, मूदभर भात आणि वाटीभर आमटी होती.

"एवढंच?"

"मग? शनिवार आहे ना," सुमित्रा म्हणाली. "सरोजिनी नगरहून आलात ना?"

गुणवंतरावांनी तोडलेला पोळीचा तुकडा परत ताटात ठेवला.

"तुला माहीत होतं?"

"शनिवारी मी कणीक कमीच भिजवायचे, अहो. दोघांच्या तोंडाला बडीशेपेचा वास, आणि म्हणे भाजीवाल्याने उशीर केला. एरवी घरी बडीशेप कोण खातं?" तिने आमटीत पळी फिरवली. "बंद केलंत तेव्हा मला वाईट वाटलं होतं. पोरगा शनिवारी कसा खुशीत यायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्हाला घाबरत घाबरत खायला मिळालं असतं का?"

तेवढ्यात फोन वाजला. अविनाशच होता.

"काय गुणवंत, काय ठरलं? सोमवारी जागा भरून टाकतो मी."

"भर बिल्कुल. दुसऱ्या कुणाला दे ती जागा. सुधन्वाला नोकरी आहे."

"अच्छा? कधी लागली? मला बोलला नाहीस."

"जुनी आहे रे. दुसरीत होता तेव्हाच लागली."

"काय? अरे, कुणी लावली?"

"मीच," गुणवंतराव म्हणाले. "आजवर मला ती ओळखू आली नाही, यार. पुढच्या शनिवारी तू ये. माझ्या मुलाशी ओळख करून देतो. आणि सोमवारी ऑफिसात नीरजलाही करून द्यायची आहे."

फोन ठेवून ते उठत होते तेवढ्यात दार वाजलं. सुधन्वा दारातच थांबला, चप्पल न काढता. लहानपणी निकाल लागला की तो असाच उंबऱ्यात उभा राहायचा, बाबा काय म्हणतात त्याची वाट बघत.

"काय झालं, बाबा?"

गुणवंतराव त्याच्याजवळ गेले. मुलगा आता त्यांच्याहून उंच होता, म्हणून त्यांना टाचा वर कराव्या लागल्या. त्यांनी बोटाने त्याची हनुवटी उचलली आणि ट्यूबलाइटकडे वळवली. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"चटणी राहिलीय," ते म्हणाले. "पूस. आई बघेल."

चटणी कुठेच नव्हती. सुधन्वाने तरी हनुवटी पुसली, चांगली दोनदा, आणि मग त्याच हाताने डोळे.

"अहो, त्याला आत येऊ द्या," सुमित्रा स्वयंपाकघरातून म्हणाली. "त्याचंही ताट वाढलंय. अर्धंच."