फटकळ आईची दुरुस्ती

ताईच्या तोंडाला लगाम नाही, हे घरच्यांना फार आधीपासून ठाऊक होतं. त्या तोंडाचा जगाला काही उपयोग होईल असं मात्र कुणाला वाटलं नव्हतं. ठकी झाली, ताईनं नोकरी सोडली, आणि दुपारी पोरगी झोपली की ती मोबाइलवर लिहायला बसायची. कुठल्या हॉटेलात लहान मुलांची खुर्ची डगमगते, कुठं सूप कोमट देतात आणि वर तोंड करून बोलतात, कोणत्या साबणानं हात फाटतात. पानाला नाव दिलं 'फटकळ आई'. चार वर्षांत अकरा हजार माणसं ते वाचायला लागली. त्यातल्या बहुतेक आसपासच्याच आया होत्या, आणि आयांचा एकदा विश्वास बसला की तो हलवायचं काम सोपं नसतं.

आता एवढी माणसं ऐकायला लागल्यावर कुणाचंही डोकं थोडं वर जाणारच. नाक्यावरच्या एका छोट्या हॉटेलात ताईच्या सुपात माशी निघाली. ताईनं ती फोटोसकट लिहिली. दोन महिन्यांत त्या हॉटेलाचं शटर पडलं. धाकट्या भावाची बायको, म्हणजे ताईची भावजय, मुळात कमी बोलणारी बाई. ती तेव्हा म्हणाली, "ताई, खरं लिहिलंत ते ठीक. पण त्यांच्या पोटावर पाय आला."

"माशी मी नव्हती टाकली," ताई म्हणाली. भाऊ खो खो हसला. भावजय हसली नाही, आणि ते ताईच्या लक्षात राहिलं.

वस्तूंची परीक्षा घ्यायची ताईची स्वतःची एक पद्धत होती आणि तिचा तिला भारी अभिमान होता. लेबल वाचायचं नाही. लेबल काय, छापणारा वाट्टेल ते छापतो. आणलेल्या वस्तू ती सारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या बाटल्यांत ओतायची आणि प्रत्येकीवर ठकीच्या वहीतलं एकेक चित्र चिकटवायची. कोणत्या चित्रामागे काय आहे, ते एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी डब्यात टाकायची आणि विसरून जायची. मग आठवडा-आठवडा एकेक बाटली वापरायची, आणि निकाल लिहून झाल्यावरच डबा उघडायची. नवरा थट्टा करायचा, "लग्नाआधी मलाही असंच बाटलीत घालून तपासलं असतंस."

"तेवढं राहून गेलं," ताई म्हणायची.

फरशी पुसायच्या औषधांचीही तिनं अशीच परीक्षा घेतली. तीन औषधं, तिन्ही लिंबाच्या वासाची. चिठ्ठीत मासा म्हणजे पिवळ्या झाकणाची बाटली, होडी म्हणजे हिरव्या झाकणाची, चांदोबा म्हणजे निळ्या. हिरव्या झाकणाची दोन बहिणी घरच्या घरी बनवून विकायच्या. पहिला आठवडा मासा. फरशी लख्ख, हात मऊ, ठकी दिवसभर जमिनीवर लोळली तरी काही नाही. दुसऱ्या आठवड्यात होडी. चौथ्या दिवशी ताईच्या बोटांची सालं निघाली, ठकीचे गुडघे लालबुंद झाले, आणि फरशी वाळली की घरभर काहीतरी कडवट वास राहायचा. ताईनं ती बाटली मोरीत ओतली. चांदोबा आपला ना धड बरा ना वाईट.

मग डबा उघडला आणि ताईनं लिहिलं. पिवळ्या झाकणाची, डोळे मिटून घ्या. रांगतं मूल घरात असेल तर हीच घ्या, दुसरी नकोच. हिरव्या झाकणाच्या दोन बहिणींना मात्र तिनं असं सोललं, की वाचणाऱ्यांनी हसून हसून ते एकमेकींना पाठवलं. उरलेली मोठी पिवळी बाटली तिनं भावजयीकडे पोचवली. भावाचा मुलगा, पिल्लू, नुकताच रांगायला लागला होता. घरात मात्र ताईनं आपली जुनी साबणाची पूडच पुन्हा काढली. परीक्षा संपली की तिला त्या वस्तूत रस उरत नसे.

याला दहा दिवस झाले.

मंगळवारी दुपारी ताई ठकीला घेऊन एका नव्या हॉटेलात गेली. सहकुटुंब येणाऱ्यांसाठी खास, असं बाहेर लिहिलेलं. टेबलांचे कोपरे गोल केलेले, मुलांच्या खुर्च्यांना पट्टे होते. ताईनं खुर्ची हलवून बघितली, पट्टा ओढून बघितला. सूप गरम होतं. आता चांगलं लिहावं लागणार, असं ती मनाशी म्हणत होती, तेवढ्यात ठकी कंटाळून टेबलावर गाल टेकून पडली, आणि पुसलेल्या टेबलावरून ताईच्या नाकाला तो कडवट वास लागला.

तिनं ठकीचं डोकं वर उचललं. गालावर लाल चट्टा उठला होता.

मालक हात पुसत लगबगीनं आला. त्यानं तिला ओळखलं होतं. "बघा, तुमचंच ऐकतो आम्ही," तो म्हणाला. "तुम्ही लिहिलंत तीच, पिवळ्या झाकणाची. टेबलं, मुलांच्या खुर्च्या, सगळं. दिवसातून सहा वेळा पुसून घेतो."

म्हणजे होडीचा तो वास पिवळ्या बाटलीचा होता. मागच्या टेबलाशी एक वर्षभराचं मूल खुर्चीची दांडी चघळत बसलं होतं. ताईला ते दिसलं, आणि त्याच्या आईला सांगावं असंही वाटलं. पण ती म्हणाली, "मला जरा बरं वाटत नाहीये," आणि ठकीला उचलून बाहेर पडली.

घरी येऊन तिनं ठकीला मांडीवर घेतलं. "आईच्या पांढऱ्या बाटल्यांवरची चित्रं तू काढून टाकली होतीस का गं? खरं सांग, मी रागावणार नाही."

ठकीनं थोडा विचार केला. "काढून टाकली नाहीत. मासा कडेला होता ना, तो पडला असता. म्हणून मी त्याला मधल्या बाटलीवर लावलं आणि होडीला कडेच्या. मग नीट दाबून चिकटवली."

"कधी?"

"तू ओतलंस तेव्हाच. तू फोनवर बोलत होतीस."

म्हणजे पहिल्या दिवसापासूनच सगळं उलटं होतं. मऊ हात हिरव्या झाकणाचे होते, आणि जिनं सालं काढली ती पिवळी. ताईनं ठकीच्या गालाला मलम लावलं, तिला खाली सोडलं, आणि बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिली.

संध्याकाळी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. या वेळी त्यानं थट्टा केली नाही. "आधी भावाकडे फोन कर," तो म्हणाला. "मग चार ओळी लिही आणि मोकळी हो."

"लिहिते."

ती लिहायला बसली. 'माझी एक चूक झाली' असं लिहिलं आणि पुसलं. 'थोडा गोंधळ झाला' असं लिहिलं आणि पुसलं. अकरा हजार लोकांसमोर काय सांगायचं? चार वर्षांच्या पोरीनं चित्रं हलवली आणि फटकळ आई फसली? त्या दोन बहिणी काय म्हणतील? ज्याचं शटर पडलं तो हॉटेलवाला काय म्हणेल? आता माशीबद्दलही लोक शंका घेतील. आणि या सगळ्यापेक्षा तिला जास्त लागत होतं ते एकच. भावजय काही बोलणार नाही. ती नुसती बघेल. ते बघणं ताईला आत्ताच सहन होईना. उद्या नीट शांतपणे लिहू, असं म्हणून तिनं मोबाइल पालथा ठेवला.

बुधवारी तिनं भावजयीला फोन मात्र केला.

"पिल्लू कसाय?"

"किरकिर करतोय हो. लाळ थांबत नाही. दात येताहेत बहुतेक."

"दातच असतील," ताई म्हणाली. पुढचं वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण ही काय फोनवर सांगायची गोष्ट आहे, शुक्रवारी जेवायला जायचंच आहे, समोरासमोर सांगू. बाटलीही एव्हाना संपली असेल. माणसाला स्वतःची समजूत घालायची असली की कारणं कमी पडत नाहीत. ताईनं हवापाण्याच्या चार गोष्टी केल्या आणि फोन ठेवला. स्वतःवरचा राग तिनं ठकीवर काढला. पोरगी रडत रडत झोपली.

नवऱ्यानं विचारलं, "सांगितलंस?"

"हो," ताई म्हणाली. चार वर्षं जिनं खरेपणाचा डंका पिटला, तिनं घरातल्या माणसाला पहिल्यांदा सरळ खोटं सांगितलं. ते किती सहज तोंडातून गेलं, याची तिला भीती वाटली.

गुरुवारी ती दुकानात गेली. दुकानदारानं फळीवर एक कागद चिकटवला होता, मोठ्या अक्षरांत: 'फटकळ आईची पसंती'. कागदाखालची फळी रिकामी होती.

"काल नवी पेटी आली, आज सगळी संपली," दुकानदार खुशीत म्हणाला. "तुमच्या शब्दाला वजन आहे, ताई. आणखी दोन पेट्या मागवल्यात."

"तो कागद काढा," ताई म्हणाली.

"का हो? तुम्हाला विचारलं नाही म्हणून रागावलात?"

ताईनं तोंड उघडलं. मागे रांगेत दोघी-तिघी उभ्या होत्या, त्यातली एक तिच्याकडे बघून ओळखीचं हसली. एकीच्या कडेवर मूल होतं. "नंतर बोलू," असं म्हणून ताई काहीच न घेता बाहेर आली. त्या रात्री तिनं चार ओळी लिहून पूर्ण केल्या. वाचल्या, बऱ्या वाटल्या. पण आधी भावजयीला सांगायला हवं, घरच्या माणसानं असं मोबाइलवर वाचू नये, असं ठरवून त्या तशाच ठेवल्या. हेही कारण खरंच होतं म्हणा.

शुक्रवारी दुपारी ठकीला घेऊन ती भावाच्या घरी पोचली. दार उघडल्या उघडल्या तो वास आला. फरशी अजून ओली होती आणि चकाकत होती. पिल्लू बैठकीच्या मधोमध चार पायांवर होता. एरवी आत्या दिसली की तो धावत सुटल्यासारखा रांगायचा. आज त्यानं नुसतं वर पाहिलं. हनुवटी सोलून निघाली होती, गळ्यापर्यंत लाल. मग त्यानं ओल्या फरशीवरचा हात उचलला आणि तोंडात घातला.

ताईनं झडप घालून तो हात बाहेर ओढला. पिल्लू रडायला लागला, पण आवाज मोठा निघेना. उघड्या तोंडात जिभेवर पांढरे फोड दिसत होते.

"दातांनी फार छळलंय त्याला," भावजय स्वयंपाकघरातून बाहेर येत म्हणाली. "दोन दिवस दूधसुद्धा घेत नाही. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, दात येताना होतं असं."

"दात नाहीत," ताई म्हणाली. "त्या पिवळ्या बाटलीमुळे आहे. माझं चुकलं. चित्रं बदलली गेली होती, मी उलटं लिहिलं. ती वाईट आहे. आमच्या ठकीचे गुडघे त्यानंच लाल झाले होते. त्याला उचल आधी, फरशीवरनं उचल."

भाऊ आतल्या खोलीतून आला आणि दारातच थांबला. भावजयीनं पिल्लूला उचललं, नळाखाली त्याचे हात धुतले, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. घाई केली नाही, आरडाओरडा केला नाही. त्याला खांद्यावर घेतल्यावर तिनं विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

ताईला वाटलं, आत्ता आत्ता कळलं असं सांगावं. चार दिवसांत जिभेला तेवढी सवय झाली होती.

"मंगळवारी," ती म्हणाली.

भावजयीनं तिच्याकडे नुसतं बघितलं. "बुधवारी मी दोनदा पुसली," ती मग म्हणाली. "त्यानं ओकलं होतं म्हणून. काल एकदा. आज तुम्ही येणार म्हणून जरा जास्त ओतलं." मग ती नवऱ्याकडे वळली. "गाडी काढा. बाटली सोबत घ्या, डॉक्टर विचारतील."

भावानं बाटली घेतली. जाताना तो ताईकडे बघेल, काहीतरी चावट बोलून ओझं हलकं करेल, असं तिला वेड्यासारखं वाटत राहिलं. तो किल्ल्या शोधत होता. भावजय दारात थांबली. "ताई, फरशी साध्या पाण्यानं पुसून ठेवाल?" असं तिनं विचारलं, नेहमीच्याच आवाजात, आणि ती जिना उतरून गेली.

ताईनं ठकीला सोफ्यावर बसवून पाय खाली सोडायचे नाहीत असं सांगितलं आणि बादली भरली. एक बादली, दुसरी, तिसरी. पाण्याला फेस येतच राहिला. चौथ्या बादलीनंतर ती तिथंच ओल्या फरशीवर बसली आणि मोबाइल काढला. तयार ठेवलेल्या चार ओळी पुसल्या. त्यात गोंधळ होता, गैरसमज होता, दिलगिरी होती. तिनं नव्यानं लिहिलं: पिवळ्या झाकणाची बाटली आजच फेका. रांगत्या मुलांना फरशीवर सोडू नका, मुलाच्या तोंडात फोड दिसले तर ताबडतोब डॉक्टरकडे न्या. हिरवी चांगली आहे, त्या बहिणींवर मी अन्याय केला. चूक माझी आहे. मला ती मंगळवारी कळली होती आणि मी आज सांगते आहे. मग दुसरा विचार न करता पाठवून दिलं.

भावाला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

दोन मिनिटांत पहिलं उत्तर आलं. एकीनं लिहिलं होतं, 'आजच आणली, अजून उघडली नव्हती. वाचलो.' मग शिव्या आल्या, एकीमागून एक, त्या तिनं सगळ्या वाचल्या. त्यांच्यामध्ये एक छोटं उत्तर होतं. नाव अनोळखी होतं.

'आम्ही बुधवारी सकाळी आणली. तुमचं वाचूनच.'

ताईनं लिहिलं, 'बाळ केवढं आहे? कसं आहे?'

समोरची बाई काहीतरी लिहीत असल्याचं पडद्यावर दिसायला लागलं. बराच वेळ दिसत राहिलं, मग थांबलं. ताई वाट बघत बसली, पण त्यानंतर तिकडून काहीच आलं नाही.