बोळावरची खोली

“हात लाव की, पोळतो ना?” सटक्लिफबाई दारातूनच म्हणाल्या. “आमच्या हॅरल्डलाही हेच सांगायचे. रेडिएटर तापलाय, तुझीच हाडं गार पडलीत, त्याला मी काय करू!”

आल्विन गुडघे टेकून हसला. हॅलिफॅक्सच्या या चढावरच्या दगडी घरांत चाळीस वर्षं तो गरम पाण्याचे रेडिएटर लावून ऊब बसवत आला होता. हा रेडिएटरही त्यानेच बसवलेला, तीन हिवाळ्यांपूर्वी. आता बाईंची नात या खोलीत राहायला येणार होती, म्हणून एकदा नजर टाकायला त्याला बोलावलं होतं.

“शेवटचा हिवाळा हॅरल्ड याच पलंगावर होता,” बाई गेलेल्या नवऱ्याबद्दल बोलत राहिल्या. “दोन स्वेटर, वर कोट, तरी कुरकुर. मी म्हटलं, पुरे कर नाटकं! आल्विनने मोजूनमापून बसवलाय. तो चुकायचा नाही.”

तेवढ्यात शेजाऱ्याने कचऱ्याचा डबा रस्त्याकडे ओढत नेला. चाकांचा गडगडाट आल्विनच्या गुडघ्यांखालून गेला.

खाली बोळ होता. दोन घरांमधला, दोन्ही टोकांना उघडा, वारा पीत पडलेला बोळ. आल्विनने लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती, उंची, खिडकी, उत्तरेची भिंतसुद्धा धरली होती. खाली मात्र उबदार स्वयंपाकघर आहे असं धरलं होतं. आणि याच बोळातून तो रेडिएटर खांद्यावर घेऊन आत आला होता! चौदाशे वॉट मागणाऱ्या खोलीला नऊशेचा लावून, वर बाईंचा चहा पिऊन गेला होता.

नातीसाठी जरा मोठा बसवू, एवढंच म्हणून निघता आलं असतं. त्याचे कान तापले.

“बाई, हॅरल्डचं खरं होतं.”

“काय खरं?”

“खोली गारच होती. माप माझं चुकलं. खालचा बोळ मी धरलाच नाही.”

“अरे, पण हा तर चांगला तापतो…”

“तापतो. पुरत नाही. सगळी ऊब ही जमीनच पिऊन टाकते.”

बाई पलंगाकडे बघू लागल्या.

“उद्याच मोठा आणतो,” तो म्हणाला, आणि आपलाच आवाज त्याला नकोसा झाला.

बाई पलंगाला वळसा घालून भिंतीकडच्या, हॅरल्डच्या बाजूला गेल्या. गालिचा तिथवर पोचत नव्हता. त्यांनी एक सपात काढली, मग दुसरी, आणि उघड्या फळ्यांवर अनवाणी उभ्या राहिल्या.

‘पाय गारठतील, बाई,’ आल्विनच्या ओठांवर आलं. त्याला ते म्हणवेना.