पानांत मोजलेली टोपी

मित्रांनो, मी जंगलातली पाने मोजणारा कॅमेरा आहे आणि आता चांगलाच जुना झालो आहे. माझ्या पट्ट्याचे बक्कल तुटले आहे, कोपऱ्यांचा रंग उडाला आहे आणि माझ्या स्टँडचा एक पाय सुतळीने बांधलेला आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती माणसांबद्दल. मला हात नाहीत म्हणून, नाहीतर या लोकांपुढे कधीच टेकले असते.

कारखान्यात माझ्याबरोबर तयार झालेले भाऊबंद लग्नांना गेले, सहलींना गेले, बारशांना गेले. त्यांच्यासमोर माणसे केस सारखे करून उभी राहतात. माझ्यासमोर आजवर कोणी हसून उभे राहिलेले नाही. माझी काच बेडकाच्या डोळ्यासारखी बाहेर फुगलेली. मला तोंड वर करून झाडाखाली ठेवतात आणि मी डोक्यावरचे आभाळ, आजूबाजूच्या फांद्या, सगळे एका गोल चित्रात ओढून घेतो. मग संगणक ते चित्र बघतो. उजळ दिसले ते आभाळ, गडद दिसले ते पान. एवढीच त्याची अक्कल.

त्यावरून एक आकडा निघतो. समजा, तुम्ही झाडाखाली एक सतरंजी अंथरली. त्या सतरंजीच्या बरोबर वर जेवढी पाने आहेत, तेवढी सगळी काढून शेजारी शेजारी मांडली आणि त्यांनी चार सतरंज्या झाकल्या, तर तिथला आकडा चार. अर्थात खरोखर पाने तोडायला कोणी जात नाही. त्यासाठीच तर मी आहे. झाड पानांतूनच जेवते, मित्रांनो. आकडा घसरू लागला की समजायचे, जंगलाची उपासमार सुरू आहे.

माझी खरी मालकीण म्हणजे आमच्या बाई. जंगलावर संशोधन करतात. सुरुवातीची वर्षे त्या स्वतः मला गळ्यात अडकवून हिंडायच्या. ढगाळ सकाळ बघून निघायचे, स्टँडवरच्या पाण्याच्या नळीतला बुडबुडा मधोमध आणायचा, मऊ फडक्याने माझी काच पुसायची आणि बटण दाबताना माझ्या काचेच्या खाली बसायचे. हे शेवटचे महत्त्वाचे. मला चारी बाजूंचे दिसते, त्यामुळे जवळ जो उभा राहील तो चित्रात येणारच. बाई उकिडव्या बसायच्या, मान गुडघ्यांत घालायच्या, आणि मी बिनघोर माझे काम करायचो. फार चांगले दिवस होते ते.

पुढे बाईंना मुलगी झाली. आता माझी काच पुसायला त्या मुलीचे जुने झबले आले. इतके मऊ फडके मला पुन्हा कधी मिळाले नाही. पण बाईंना पहाटे उठून जंगलात जाणे जमेना. पोरगी अंगावर पिणारी, रात्रीची झोप नाही. तेव्हा त्यांनी माझे काम आपल्या धाकट्या दिराला दिले. तो उंच, हसतमुख, कोणतीही नोकरी फार दिवस न टिकलेला माणूस. ऑफिसात सगळे त्याला उंट म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा.

इथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

बाईंनी त्याला सगळे नीट शिकवले होते. पहिले काही दिवस उंटाने बैठका मारल्यासारखे केलेसुद्धा. पण त्या वर्षी झाडांखाली काटेरी झुडपे माजली होती, अगदी कमरेपर्यंत. माझा स्टँड त्यांच्या वर डोके काढून उभा राही, पण माझ्याखाली बसायचे म्हणजे काट्यांत बसायचे. एकदा उंटाची पँट मागून फाटली. दुसऱ्या दिवसापासून त्याने बसणे सोडले. नुसता जरासा वाकायचा, एका हाताने आपली काळी टोपी सावरायचा आणि दुसऱ्याने बटण दाबायचा. वाकलेला उंटसुद्धा माझ्यापेक्षा उंचच की. प्रत्येक चित्रात एका बाजूला ही एवढी टोपी. संगणकाने काय करावे? गडद दिसली, पाने म्हणून मोजली.

मी ओरडू शकत नाही. मला फक्त खट्ट करता येते. मी खट्ट करत राहिलो आणि टोपीची पाने मोजली जात राहिली.

याने कोणाचे काय बिघडले, असे तुम्हाला वाटेल. बिघडत होते ते जंगलाचे. वनखात्याचा नियम असा, की आकडा तीनच्या वर असेल तर मोठी झाडे तोडायला परवानगी. तीनच्या खाली असेल तर जंगलाला काही वर्षे विश्रांती. आकडा बाईंनी द्यायचा, आणि तो देण्याचे ते वर्ष होते.

बरे, मी एकटाच मोजत नाही. आकाशातून एक उपग्रह फिरतो, तोही वरून पाने मोजतो. त्याचा थाट काय विचारता. एका नजरेत अख्खे जंगल बघतो. पण त्याला वरून दिसते ते हिरवे. मोठी झाडे विरळ झाली होती, त्यांच्या फटींमधून त्याला खालची झुडपे दिसत होती, आणि तो बिचारा तीही झाडांच्या खात्यात जमा करत होता. अशा वेळी वरच्याचे खरे की खोटे हे ताडून बघायला मला जमिनीवर ठेवलेले असते. म्हणजे ज्या झुडपांनी वरच्याला फसवले, त्याच झुडपांच्या भीतीने खालचा माणूस बसायला तयार नाही. वरच्याचा आकडा फुगलेला, माझाही फुगलेला. आणि दोन्ही आकडे छान जुळले.

काय तो आनंद झाला ऑफिसात. वरचे आणि खालचे जुळले म्हणजे मोजणी पक्की. मोठे साहेब स्वतः आले, माझ्या डोक्यावर टिचकी मारून म्हणाले की म्हातारा अजून दमदार आहे. इतकी वर्षे खरे सांगितले तेव्हा कोणी ढुंकून बघितले नव्हते. कौतुक झाले ते टोपीमुळे. बाईंनाही बरे वाटले, घरी लवकर जाता येणार होते. आकडा वर गेला, बुंध्यांवर तांबडे पट्टे मारले गेले आणि उताराच्या बाजूने तोड सुरूही झाली.

एका कोपऱ्यातली मोजणी तेवढी राहिली होती. उंट तापाने आजारी पडला, म्हणून बाई मुलीला शेजारणीकडे ठेवून स्वतः आल्या. काटे बाजूला सारले, साडीचा पदर कमरेला खोचला आणि माझ्याखाली बसल्या. किती दिवसांनी मला मोकळे आभाळ दिसले. फार दिसले, मित्रांनो. तेच तर दुःख होते. आकडा दोनच्याही खाली आला.

तर बाई काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, याचा डोळा गेला वाटतं.

माझा! मग काच तपासली, बॅटरी तपासली आणि मला खोक्यात घालून कपाटावर ढकलले. कंपनीकडे तक्रार करायची ठरली. माझा बिघाड नेमका कधीपासून आहे हे दाखवायला बाईंनी जुनी चित्रे उघडली. आजवर फक्त आकडे बघितले होते, चित्रे नाहीत. पहिल्या चित्रात टोपी. दुसऱ्यात टोपी आणि कान. तिसऱ्यात टोपी, कान आणि काहीतरी चघळत असलेला जबडा. बाई खुर्चीतून उठल्या आणि तडक दिराच्या खाटेपाशी गेल्या.

“भाऊजी, फोटो काढताना खाली बसत होतात ना?”

“बसत होतो की. म्हणजे, वाकत होतो. वहिनी, तिथे किती काटे आहेत माहितेय का? म्हटलं, एवढ्या मोठ्या जंगलात एक टोपी कोणाच्या डोळ्यावर येणार?”

“त्याला एकच डोळा आहे. त्याच्यावरच आली.”

उंट उठून बसला. तापाने आधीच उतरलेला त्याचा चेहरा आणखी उतरला. त्याने फक्त विचारले, की तोड थांबवता येईल का.

दुसऱ्या दिवशी बाई मला घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेब ऐकेनात. उपग्रहही तेच सांगतो, म्हणाले, दोन दोन साक्षीदार आहेत, मग एका म्हाताऱ्या कॅमेऱ्यासाठी काम थांबवायचे का? त्यावर बाईंनी मी काढलेले एक चित्र भिंतीवर मोठे करून दाखवले. साहेबांनी चष्मा वर केला आणि पुढे झुकले.

“हे कुठलं झाड?”

“झाड नाही साहेब. माझे दीर आहेत.”

खोलीतल्या बाकी कोणालाही हसू आवरले नाही, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी झुडपांचे सगळे समजावून सांगितले आणि म्हणाल्या, की चित्रे उघडून बघणे हे त्यांचे काम होते, आकडे जुळले म्हणून त्यांनी ती बघितली नाहीत. साहेबांनी बराच वेळ टेबलावर पेन आपटले. मग फोन उचलला.

जंगलाला विश्रांती मिळाली. उताराला मात्र फोन उशिरा पोचला.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे, मित्रांनो. आमच्या काचा पुसा, आमचे पाय बांधा, ते तर कराच. पण आम्ही काय बघितले तेही कधीतरी बघा. आकडा मनासारखा आला असेल तेव्हा तर आधी बघा.

त्यानंतर आम्ही तिघे उतारावर गेलो. झुडपेही ओंडक्यांखाली चिरडली होती, आता बसायला काही अडचण नव्हती. उंट कोणी न सांगता खाली बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बटण दाबले. माझ्या गोल चित्रात या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसते पांढरे आभाळ आले. बाईंनी ते उघडून कितीतरी वेळ बघितले. आकडा शून्य होता, आणि अगदी बरोबर होता.