वाळूच्या गोण्या

गाडीच्या मागे आकडा बसवायचा, त्याला चाकांवरची खोली जोडायची आणि वाट फुटेल तिकडे जायचं, हा बेत त्याच्या बायकोचा. तिला जाऊन महिना झाला होता. गॅरेजला सांगितलेलं काम रद्द करायचं तर तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून तो ठरल्या दिवशी गाडी घेऊन आला, एवढंच.

मिस्त्री गाडीखाली आडवा पडून आकडा आवळत होता. तोंडाचा पट्टा मात्र चालूच. "काका, रिकाम्या गाडीची उंची मोजून काही उपयोग नाही. माणसं बसली की मागची बाजू दबते आणि आकडा गतिरोधकावर घासतो. काकू मागे बसणार म्हणाला होतात ना? त्यांचं वजन सांगा, तेवढ्या वाळूच्या गोण्या ठेवून मोजू."

"आजाराच्या आधीचं सांगू की शेवटचं?" भाजीचा भाव विचारावा तसं त्याने विचारलं.

मिस्त्री गाडीखालून बाहेर आला आणि हात स्वच्छ झाले तरी पुसतच राहिला.

"आधीचंच धरा," शेवटी त्यानेच आपल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. "घासायला नको."